तासिकांचे वजन

नववीच्या वार्षिक परीक्षेतील पहिला क्रमांक माझा होता, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे मी निकालाच्या दिवशी मांडले, त्यानंतर वेळोवेळी लेखी मांडले आणि माझ्या आठवणींच्या या प्रकरणात पुन्हा मांडणार आहे. ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल त्यांनी हे प्रकरण वगळावे. माझ्या मुलाला तो क्षुल्लक वाटतो. गेल्या महिन्यात माझ्या नातीचे प्रगतिपुस्तक आले. तिच्या बोईसरच्या शाळेत आता निरनिराळ्या परीक्षांना निरनिराळा भारांश असतो आणि त्यावरून सरासरी काढतात. ती सरासरी कशी काढली याचा खुलासा मागणारे पत्र मी मुख्याध्यापिकांना पाठवले, मग स्मरणपत्र पाठवले. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे करा. तिला चांगले गुण आहेत." जणू काही चांगले गुण मिळाले म्हणजे हिशेब विचारण्याचा हक्क संपतो. त्या रात्री मी हे प्रकरण लिहायला घेतले.

आमचे घर माकुणसारला, वाडीतच होते. मागे केळी, बाजूला नारळ आणि मधोमध पानवेलींचे मांडव. पहाटे विहिरीवरचे इंजिन सुरू झाले की त्याचा आवाज जमिनीतून अंथरुणापर्यंत यायचा. त्या आवाजात आईचे पाट्यावरचे वाटण सुरू होई आणि ओल्या खोबऱ्याचा, मिरचीचा वास घरभर पसरे. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट, दुपारी भात आणि कालवण. संध्याकाळी तोडलेली पाने ओट्यावर ओतली जात आणि सगळे घर ती निवडायला बसे. मोठी पाने एकीकडे, मध्यम एकीकडे, फाटकी बाजूला. ओल्या पानांचा हाताखाली होणारा सळसळाट आजही कधी कधी मला ऐकू येतो; कान आता कमी ऐकतात, तरी येतो. निवडलेली पाने केळीच्या पाल्यात बांधून आबा करंड्या भरत आणि सकाळच्या गाडीला स्टेशनावर नेत. आबा म्हणजे माझे वडील. ते कमी बोलत, आणि बोलले तर बहुधा पानांबद्दल.

या घरात मी सातवीत असताना कुसुम आली. कुसुम माझ्या आत्याची मुलगी, वयाने माझ्याएवढीच. आत्याचे यजमान बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांची खोली कारखान्यांच्या अगदी लगत होती. तिथल्या हवेने कुसुमला खोकला लागला तो जाईना. डॉक्टरांनी सांगितले, मुलीला समुद्राच्या वाऱ्यावर ठेवा. म्हणून ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली. खोकला महिन्याभरात गेला. कुसुम गेली नाही.

मत्सर हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण दुसरा शब्द वापरणे म्हणजे खोटी साक्ष देणे होईल. त्या मुलीचा मला मत्सर वाटे आणि त्याची सुरुवात ताटापासून झाली. आमच्याकडे पापलेट आले की मधली तुकडी माझी असे. तो अलिखित नियम होता आणि अनेक वर्षांच्या वहिवाटीने पक्का झाला होता. कुसुम आली त्या पहिल्या दिवशी ती तुकडी तिच्या ताटात गेली. पाहुणी म्हणून मी गप्प राहिलो. पुढच्या वेळीही तिच्याच ताटात. दोन वर्षांनीही तिच्याच ताटात.

"आये, ती अजून पाहुणीच हाय काय?" मी एकदा विचारले.

"परक्याची लेक हाय ती," आई म्हणाली. "तुला शेपटाकडचं चालत नाय काय? त्याला काटे कमी असतात."

"काट्यांचा प्रश्न नाय. नियमाचा हाय."

"ऐकलंत काय?" आई आबांकडे वळून म्हणाली. "तुमच्या लेकाला कलेक्टराकडं अर्ज करायचा हाय, माशाच्या तुकडीसाठी." आबा हसले. कुसुमही हसली, आणि तिने तुकडी अर्धी मोडून माझ्या ताटात ठेवली. मी ती खाल्ली नाही. तिने औदार्याने दिलेले खाल्ले असते तर माझा दावा निकाली निघाला असता.

पाने निवडतानाही तेच. मी जन्मापासून पाने निवडत आलो होतो. ती आली तेव्हा तिला मोठे आणि मध्यम पान वेगळे करता येत नव्हते. सहा महिन्यांत तिचे हात माझ्यापेक्षा जलद चालू लागले. आबा, जे माझ्या कामाबद्दल कधी अवाक्षर काढत नसत, ते म्हणाले, "पोरीचा हात बघ." मी तिचा हात पाहिला. अजूनही माझ्या डोळ्यांसमोर तो हात आहे, पानाचा देठ चिमटीत धरून क्षणभर उजेडाकडे नेणारा. इतके करूनही तिच्यात गर्व नव्हता, आणि हेच मला सर्वात असह्य होते. तिच्यात गर्व असता तर माझी बाजू किती भक्कम झाली असती.

आता शाळेकडे येतो, कारण खरा वाद तिथला आहे. आमच्या शाळेत एक प्रथा होती. पालघरला राहणारे एक वकील होते, मूळचे आमच्याच पट्ट्यातले, निपुत्रिक. नववीच्या वार्षिक परीक्षेत जो विद्यार्थी पहिला येईल त्याला ते दहावीच्या वर्षासाठी स्वतःच्या घरी नेत. खाणे, राहणे, पालघरची शाळा, रोज संध्याकाळी स्वतः घेतलेली शिकवणी. आधी गेलेली मुले पुढे चांगल्या ठिकाणी लागली होती. पण मला त्याहून वेगळे काही हवे होते. बांधाच्या एका तंट्यासाठी आबा एकदा मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दिवाणखान्याच्या तिन्ही भिंतींना काचेची कपाटे होती आणि त्यांत छतापर्यंत कायद्याची पुस्तके. आबा आणि वकीलसाहेब बोलत असताना मी एक पुस्तक उघडले. साहेबांनी ते पाहिले आणि म्हणाले, "मोठ्याने वाच." मी एक कलम वाचले. "पुन्हा वाच. प्रत्येक स्वल्पविरामाला थांब." मी थांबत थांबत वाचले, आणि मला त्या वाक्याचा अर्थ एकदम उलगडला: पहिल्या भागात जे दिले होते ते दुसऱ्या भागात अटी घालून परत घेतले होते. शब्दांनी असे काही करता येते हे मला तोवर ठाऊक नव्हते. घरी परतताना आबा बांधाबद्दल बोलत होते आणि माझ्या मनात एकच होते. त्या कपाटांजवळ मला राहायचे होते.

त्यामुळे सहामाही परीक्षेत कुसुम पहिली आली आणि मी दुसरा, तेव्हा माझी झोप उडाली. मी गुणांची फोड केली. सहा विषय सर्वांना समान होते. सातवा ऐच्छिक: मुलगे बहुतेक उच्च गणित घेत, मुली गृहशास्त्र. समान विषयांत मी पुढे होतो. उच्च गणितात मला जेमतेम सत्तर पडले, कारण त्या विषयात सत्तर मिळवायलाही रक्त आटवावे लागे. कुसुमला गृहशास्त्रात नव्वदच्या वर. कशाबद्दल? शिवण, बाळाचा आहार, आणि लाडू. आणि त्या लाडवांची परीक्षा घेणाऱ्या बाईंनी ते लाडू चाखून गुण दिले होते. परीक्षकाचा वस्तूत हितसंबंध निर्माण झाला होता, हा आक्षेप मी तेव्हाही घेतला होता आणि तो आजही कायम आहे.

वकीलसाहेब मुलीला नेतील की नाही, अशी शंका काहींना होती. मला नव्हती. प्रथेचे शब्द 'पहिला येणारा विद्यार्थी' असे होते, आणि विद्यार्थी या शब्दात मुलगी येत नाही असा अर्थ लावणारा माणूस तो नव्हता.

म्हणून मी माझ्या आयुष्यातील पहिला अर्ज लिहिला, मुख्याध्यापकांना उद्देशून. सर्व विषयांचे गुण सरसकट मिळवून क्रमांक काढणे अन्यायाचे आहे, असे त्यात म्हटले होते. ज्या विषयाला अधिक श्रम, त्याचे वजन अधिक असावे. आणि हे मोघम राहू नये, अर्जात नेमकेपणा असावा, म्हणून मी मोजमापही सुचवले: प्रत्येक विषयाच्या आठवड्याला जितक्या तासिका, तितके त्या विषयाचे वजन. गुणांना तासिकांनी गुणायचे, सर्व विषयांची बेरीज करायची, आणि एकूण तासिकांनी भागायचे. अर्ज लिहिण्यापूर्वी मी वर्गाच्या भिंतीवरचे वेळापत्रक पाहिले होते. हिंदीला चार तासिका, सामान्य गणिताला चार, उच्च गणिताला सहा. माझा कठीण विषय जड ठरत होता. गृहशास्त्राचा विचार मी केला तो एवढाच, की मुलगे उच्च गणित करत असताना मुली ते करतात.

अर्जाचा कच्चा मसुदा मी ओट्यावर पाने निवडताना वाचून दाखवला. वाचून दाखवण्यामागे कुसुमला ऐकवण्याचा हेतू होता, हे उघड आहे.

"मंजे कालवणात मीठ आन मासा सारख्याच मापानं घालायचा नाय, असंच ना?" आईने विचारले.

"हो. असंच."

"मग त्याला एवढं लिवायला कशाला पायजे? कुठलीबी बाई सांगंल."

कुसुमने हातातले पान खाली ठेवले. "आमच्या गृहशास्त्राच्या तासिका किती धरल्यास?" तिने विचारले.

"तुमच्या लाडवांना कोण विचारतंय?" मी म्हणालो.

"नाय, म्हटलं, विचारून ठेवलेलं बरं." तिने खांदे उडवले आणि पुन्हा पाने निवडू लागली. तिचा एवढा प्रश्न. मी तो कागदावर घेतला असता तर माझे आयुष्य कदाचित पालघरला गेले असते. पण समोरचा पक्ष विचारतो त्या प्रश्नात आपल्या फायद्याचे काही असेल असे वयाच्या पंधराव्या वर्षी कोणाला वाटते?

मुख्याध्यापक तरुण होते, नव्या गोष्टींची त्यांना आवड होती. अर्ज वाचून ते खूश झाले. शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी तो वाचला आणि प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर जाहीर केले की नववीचा वार्षिक निकाल या वर्षी भारित सरासरीने लावला जाईल आणि त्याचे श्रेय एका विद्यार्थ्याच्या अर्जाला आहे. त्यांनी माझे नाव घेतले. मुले माझ्याकडे वळून पाहू लागली. कुसुमही वळली, आणि तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या टाळ्यांचा मला राग आला, कारण त्या खऱ्या होत्या.

पुढचे महिने मी उच्च गणितात घालवले. वाडीच्या टोकाला, जिथे इंजिनाचा आवाज सर्वात जास्त असे तिथे बसायचो, म्हणजे घरातले बोलणे कानावर पडू नये. घरातले बोलणे म्हणजे कुसुमचे आणि आईचे. त्या दोघी स्वयंपाकघरात हसत. कशावर हसत हे मला कधी कळले नाही. विचारले तर "काय नाय" असे उत्तर मिळे. आईने माझ्याशी असे कधी हसून बोलल्याचे मला आठवत नाही. शनिवारी शाळा लवकर सुटे. मी घरी येऊन जेवून पुस्तक घेऊन बसलो तरी कुसुमचा पत्ता नसे. ती उन्हे कलल्यावर येई, बहुधा एका डब्यात काही तरी घेऊन: बेसनाचे लाडू, कधी शेंगदाण्याची चिक्की, कधी नारळाच्या वड्या. मला वाटे, मुलींबरोबर रेंगाळत असेल. आई डबा उघडून म्हणायची, "कुसुमनं केलंय, बघ तरी." मी दोन लाडू खात असे, क्वचित तीन. ते चांगले होते, हे नाकारण्याइतका मी अप्रामाणिक नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर विषयवार गुण लावले होते. गर्दीत घुसून मी माझे आणि तिचे गुण कागदावर उतरवले आणि भिंतीला टेकून बेरीज केली. माझे पाचशे पंधरा. तिचे पाचशे बारा. सामान्य गणितात मला नव्वद होते, वर्गात सर्वात जास्त. माझे पाय हलके झाले. जुन्या पद्धतीने मी पहिला होतो, आणि नवी पद्धत तर मीच माझ्यासाठी सुचवली होती. मी आबांना शोधले. ते पालकांत मागे उभे होते. वकीलसाहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते, प्रथेप्रमाणे आपला विद्यार्थी कोण ते पाहायला आलेले. मी त्यांच्याकडे पाहून नमस्कारही केला. मनात मी कपाटांतली पहिली ओळ वाचायला सुरुवात केली होती.

मुख्याध्यापकांनी पहिला क्रमांक जाहीर केला. कुसुम. दुसरा, मी. त्यांनी सरासऱ्याही वाचल्या: तिची जवळजवळ पंच्याहत्तर, माझी त्र्याहत्तरच्या आत.

मी पुढे गेलो. ओसरीवर सगळे होते: मुख्याध्यापक, गृहशास्त्राच्या बाई, वकीलसाहेब, कुसुम आणि मागून घाईने आलेले आबा. "सर, हिशेबात चूक आहे," मी म्हणालो. मुख्याध्यापकांनी मला कागद दाखवला. गृहशास्त्रासमोर तासिका लिहिल्या होत्या आठ.

"आठ कशा?" मी विचारले. "भिंतीवरच्या वेळापत्रकात सहा आहेत."

"सहा रोजच्या आणि शनिवारच्या दोन," बाई म्हणाल्या. "प्रात्यक्षिकाच्या. शाळा सुटल्यावर. आमच्या खोलीच्या भिंतीवर लावलेलं आहे. तू कधी आला नाहीस तिकडे."

"दर शनिवारी लाडू खाल्लेस," कुसुम म्हणाली, "ते काय झाडाला लागले व्हते?"

लोक हसले. आबाही हसले. मी ते विसरलेलो नाही. वकीलसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "थांबा. मुलाला तक्रार आहे. ऐकून घेऊ." आणि माझ्याकडे वळून, "बोल."

मी जे बोललो ते मला अक्षरशः आठवते. "साहेब, सर्व विद्यार्थ्यांना जे वेळापत्रक दिसते तेच ग्राह्य. एका खोलीत लावलेल्या कागदाची सूचना दुसऱ्याला मिळालेली नसते. म्हणून शनिवारच्या दोन तासिका धरता येणार नाहीत."

"मुद्दा ठीक आहे," ते म्हणाले. "मान्य करू. त्या दोन सोडून देऊ." त्यांनी मुख्याध्यापकांकडून खडू मागून घेतला आणि वाकून ओसरीच्या फरशीवर गणित मांडले. सगळे वाकून पाहत होते. त्यांनी भागाकार पूर्ण केला, दोन आकड्यांखाली रेघ मारली आणि खडू खाली ठेवला. "सहा धरूनही तीच पुढे आहे. जवळजवळ एका गुणाने."

"असं कसं?" मी म्हणालो. "माझी बेरीज जास्त आहे."

"तुझे नव्वद कशात आहेत?"

"सामान्य गणितात."

"त्याच्या तासिका?"

"चार."

"हिंदीत तू तिच्यापेक्षा दहांनी पुढे. हिंदीच्या?"

"चार."

"आता इंग्रजी. सर्वात जड विषय, सात तासिका. तिथे पुढे कोण?"

मी फरशीवरच्या आकड्यांकडे पाहिले. कुसुम पायाच्या अंगठ्याने फरशीवरचा खडू पुसत होती.

"मराठीच्या सहा. तिथे?"

तिथेही तीच पुढे होती. माझे जे वैभव होते ते सगळे हलक्या विषयांत साठलेले होते आणि हलके कोणी ठरवले होते? मी. माझ्याच अर्जाने, माझ्याच अक्षरात.

"आता एकच विचारतो," वकीलसाहेब म्हणाले. "याच हिशेबाने तू पहिला आला असतास, तर माझ्यासमोर उभा राहिला असतास का?"

"नाही, साहेब."

"का नाही?"

"तक्रारीला कारण उरलं नसतं."

तेव्हा ते हसले, मोठ्याने. "उत्तर वकिलाचं आहे. पण नियम तू मागितलास, परीक्षेआधी तो सर्वांना सांगितला गेला, आणि तू त्याला कबूल होतास. आता निकाल आवडला नाही म्हणून तो मोडता येणार नाही." ते उठले आणि आबांना म्हणाले, "मुलीच्या वडिलांना बोईसरला निरोप धाडा. जूनमध्ये मी तिला न्यायला येईन." आबा अडखळले. "साहेब, पोरगी हाय. तुमच्याकडं आजवर मुलगेच…" साहेबांनी त्यांना मध्येच थांबवले. "विद्यार्थी म्हटलं होतं. मुलगा म्हटलेलं नाही." मग जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू रविवारी येत जा. पुस्तकं आहेत. दुपारी मी घरीच असतो."

माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे. सूत्र माझे होते हे मान्य. पण ज्या सूत्राचा मसुदा एका पंधरा वर्षांच्या मुलाने केला, ते तपासून पाहण्याची जबाबदारी शाळेची होती. दोन वेगवेगळ्या ऐच्छिक विषयांचे गुण, दोन वेगवेगळ्या शिक्षकांनी दिलेले, एकाच तराजूत घालणे मुळातच चूक होते, मग वजने कोणतीही लावा. हा मुद्दा मला त्या ओसरीवर सुचला नाही. तो मला काही वर्षांनी सुचला, बोईसरच्या एका कारखान्याच्या कचेरीत हजेरीचे तक्ते तपासताना, आणि मी तिथल्या तिथे त्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिले. उत्तर आले: 'आपला मुद्दा विचारणीय आहे.' विचारणीय! ज्याचा विचार करायची वेळ गेलेली असते त्यालाच हे लोक विचारणीय म्हणतात.

जूनमध्ये वकीलसाहेब आले आणि कुसुम पत्र्याची पेटी घेऊन पालघरला गेली. आई रडली. माझ्या ताटात पापलेटची मधली तुकडी आली, आणि तीही मी तशीच ठेवली. घर शांत झाले होते. स्वयंपाकघरात आई एकटी होती आणि हसत नव्हती. मला वाटले होते की ती गेल्यावर तिची जागा मला मिळेल. प्रत्यक्षात ती जागा रिकामीच राहिली, आणि सगळे त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

रविवार येत गेले. मी पालघरला गेलो नाही. कारण कोणी विचारले तर अभ्यास सांगायचो. खरे कारण असे, की दार ती उघडणार होती. "ये ना," म्हणणार होती. आणि मनापासून म्हणणार होती.

दिवाळीला ती आली. अंगाने भरली होती, बोलणे थोडे बदलले होते. फराळाला बसलो असताना मी विचारले, शक्य तितक्या सहजपणे, "पुस्तकं वाचतेस काय?"

"कुठली?"

"कपाटातली. कायद्याची."

"नाय रे. मी फक्त काचा पुसते. मला नाय आवडत ती. चार ओळी वाचल्या की झोप येते." तिने चकली मोडली. "साहेब दर रविवारी दुपारी तुझी वाट बघतात. एक खुर्ची काढून ठेवतात. 'तुझा भाऊ नाही आला' म्हणतात. मी काय सांगू त्यांना?"

"अभ्यास असतो," मी म्हणालो.

पण त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका रविवारी मी गेलो. घरी सांगितले नाही. पालघरला उतरून त्यांच्या गल्लीत आलो आणि समोरच्या बाजूला, एका बंद दुकानाच्या फळीला टेकून उभा राहिलो. दार उघडे होते. दिवाणखाना रस्त्यावरून दिसत होता: ती कपाटे, दुपारच्या उजेडात काचा चमकत असलेली, आणि वकीलसाहेब मांडीवर एक जाडजूड पुस्तक घेऊन मोठ्याने वाचत असलेले. शब्द ऐकू येत नव्हते, पण ते स्वल्पविरामाला थांबत होते हे मला कळत होते. त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. ती माझ्यासाठी होती. रस्ता ओलांडायला दहा पावले पुरली असती.

त्या खुर्चीवर मी बसू शकत होतो, हे मला मान्य आहे. पण ती मला दिलेली खुर्ची होती. मी मिळवलेली नव्हती. मेहेरबानी आणि हक्क यांत फरक आहे, आणि तो फरक त्या घरातल्या पुस्तकांनीच माणसाला शिकवायचा असतो. मला हक्क हवा होता. आजही मी मेहेरबानीने काही घेत नाही. माझ्या नातेवाइकांना याचा त्रास होतो, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

मी बराच वेळ तसाच उभा होतो. साहेब वाचत होते. कुसुम त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती, त्याच जलद हाताने. मी तिथे गेलो होतो तो साहेबांकडे पाहायला, पण पाहत राहिलो तिच्याकडे. ज्या वाक्यांसाठी मी आयुष्यभर उपाशी राहिलो ती वाक्ये तिच्या डोक्यावरून एकामागून एक जात होती, आणि मी निघेपर्यंत तिने एकदाही मान वर केली नाही.